सुध्या, अंदमानात काय झालं होतं

सुध्या, परवा तुझी तेरवी झाली. तुले पोचवायले आलो होतो त्या दिवशी मोक्षधामात रीतीप्रमाणे माईक लावला होता अन् अकोल्याचे बोअरचे पंप विकणारे सगळे दुकानदार एकामागून एक उठून बोलले. एक जण म्हणाला, सुधीरभाऊ धंद्यात होते, पण आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. मी बायकांमध्ये उभी होती. रडता रडता मी हो हो म्हणून मान हलवली. आज मले त्या माणसाचा नंबर शोधून सांगावंसं वाटून राहिलं, की बाबा, तुमचं चुकलं.

कारण आज सकाळी मी अंदमानाले फोन केला. जानेवारीत आपल्या दोघांची जागा धरलेली होती, स्कूबा डायव्हिंगच्या पुढच्या कोर्ससाठी. एक जागा रद्द करायची का दोन, ते माझंच ठरलं नव्हतं. तिकडचं बोलणं सगळं तूच करत होता, म्हणून मी पहिल्यांदाच बोलली. प्राची नावाची मुलगी आहे, तीच शिकवते, मूळची रत्नागिरीकडची. मी सांगितलं, अमरावतीहून बोलते, सुधीरची मोठी बहीण, सुधीर गेला, हार्ट अटॅकनं गेला, दुकानातच. ती म्हणाली, "ताई, त्यांनी डॉक्टरांना दाखवलं होतं ना?"

मी म्हटलं, "काहून?"

"म्हणजे, इथे आले होते तेव्हा जे झालं त्याच्यासाठी."

"तिकडे तं तो कधीच आला नाही."

"आले होते ताई. शिवरात्रीच्या सुमाराला. पंपांच्या कंपनीची टूर होती त्यांची."

सुध्या, ती टूर उटीची होती. तू मले उटीची सांगितली होती. येताना माझ्यासाठी चहाचा पुडा आणला होता, निलगिरीचा, अन् मी तो पंधरा दिवस पिला, पाहुण्यांले पाजला, भावानं आणला म्हणून सांगितलं. तो चहा तू घेतला कुठून होता रे? अकोल्याच्या बाजारातून? का वाटेत विमानतळावरून? मेल्या माणसाले विचारायचा हा प्रश्न नाही, मले समजते. पण सकाळपासून सगळ्यात जास्त राग मले त्या चहाचा येऊन राहिला.

हे सगळं सुरू मीच केलं होतं. शाळेच्या बायकांबरोबर मालवणले गेली होती मी, तिथं एकदा पाण्याखाली नेऊन आणतात ना, तसं गेली. वीस वर्षं भूगोल शिकवला, समुद्राच्या तळाच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, अन् तळ पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर. वर आल्या आल्या ओल्या हातानं तुले फोन लावला. तू दुकानात होता. म्हणाला, "तू पाण्याखाली गेली? तू? अन् मी राह्यलो?"

तुझं बरोबर होतं म्हणा. पाणी आपल्या घरात तुझं होतं. भातकुलीकडच्या आपल्या वावरातल्या विहिरीत तू पाठीले तेलाचा रिकामा डबा बांधून पोहणं शिकला अन् मी काठावर तुझे कपडे सांभाळत बसायची, पोरीच्या जातीनं विहिरीत उतरायचं नाही म्हणून. डबा सुटला तसा तुमचा पोरांचा एकच खेळ. छाती फुगवून श्वास धरायचा, तळाशी जायचं अन् गाळाची मूठ भरून वर यायचं. मूठ दाखवल्याशिवाय कोणी मानत नव्हतं. मी पोहणं शिकली ते चाळिशीत, अमरावतीच्या टँकवर, डॉक्टरनं गुडघ्यासाठी सांगितलं म्हणून. तुझ्या लेखी ते पोहणंच नव्हतं. "आंघोय करतं तू तिथं," असं म्हणायचा.

अन् मग मालवणले आपण दोघांनी पहिला कोर्स केला तेव्हा तुझी ती विहीरच तुले आडवी आली. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी पहिला नियम सांगितला, श्वास धरायचा नाही. कधीच नाही. खाली धरलेली हवा वर येता येता फुगते अन् फुप्फुस फाटू शकते. मले सोपं गेलं, मले श्वास धरता येतच नव्हता. तू मात्र पाणी डोक्यावर आलं की छाती फुगवून मोकळा. लहानपणीची सवय, तुझा काही दोष नव्हता. पण तो शिकवणारा पोरगा तुझ्यावर इतका ओरडला, की होडीवाला हसायले लागला. तू मले म्हणाला, "आपल्याकडचं कोणीही आलं तं असंच करंल. विहिरीत श्वास सोडला तं मरते माणूस." तरी तू पास झाला. आपण दोघं पास झालो. तू ते कार्ड दुकानात काचेखाली ठेवलं, पंपाचं बिल द्यायले आलेल्या प्रत्येक माणसाले दाखवलं.

त्या कोर्समधली एक गोष्ट तुले कधी सांगायचीच राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. दिसणं बंद झालं, नाकात पाणी गेलं अन् मले वाटलं संपलं. मी तोंडातली नळी काढून वर पळणार होती. तू माझं जॅकेट धरलं, चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणला अन् हातानं दाखवलं, घे, सोड, घे, सोड. तू स्वतः श्वास सोडत होता सुध्या, बुडबुडे दिसत होते मले. जो माणूस पहिल्या दिवसापासून शिव्या खात होता श्वास धरतो म्हणून, तो माझ्यासाठी एकेक श्वास मोजून सोडत होता. वर आल्यावर मी रडली, उलटी केली, तुझ्यासमोर मले कशाचीच लाज वाटली नाही. तू माझी पाठ चोळली अन् घरी कोणाले सांगितलं नाही. त्याचे आभार मानायचे राहिले. मानते आता. मनापासून मानते. अन् त्याच्याचमुळे तुझा राग जास्त येते.

पहिला कोर्स झाल्यावर पुढं काय, यावर आपण वर्षभर भांडलो. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी तू अकोल्याहून मोटरसायकलनं, मी अमरावतीहून एसटीनं, मूर्तिजापूरले स्टँडजवळच्या त्या हॉटेलात. कचोरी अन् चहा. लोक लग्नाच्या याद्या करायले बसतात तसे आपण कोर्सच्या याद्या घेऊन बसायचो. पुढचा कोर्स म्हणजे पाच डुबक्या. त्यातली एक खोल, तीस मीटरपर्यंत, अन् एक होकायंत्रावर दिशा धरून पोहायची, या दोन सुटत नाहीत. बाकीच्या तीन आपल्या मर्जीच्या. अन् हे सगळं झाल्यावर मग दुसऱ्याले वाचवायचा कोर्स.

मी म्हणायची, पहिली डुबकी तरंगायची. पाण्यात एका जागी राहायचं, वर नाही, खाली नाही, नुसतं श्वासावर. ते आलं की खोल जायले हरकत नाही. मग मासे ओळखायची घेऊ.

तू म्हणायचा, "मासेच ओळखाचे असतीन तं अकोल्याच्या मासोळी बाजारात ये. पहिले खोल, मंग बुडालेलं जहाज, मंग रात्रीची. तीनशे फुटावर पंप सोडतो मी बोअरमंधी. माहा पंप जाते अन् मी शंभर फूट नाही जानार?"

"पंपाले फुप्फुस नसते, बाप्पा."

"तू भित्री हायेस. सरळ सांग ना, भित्री हायेस म्हनून."

"आहे. म्हणून तं आधी तरंगू म्हणते."

"अन् तो वाचवाचा कोर्स? कोनाले वाचवाचं हाये तुले?"

हॉटेलवाला एकदा मध्ये पडला, त्याले वाटलं शेताच्या वाटणीवरून भांडण आहे. आपण कितीतरी हसलो होतो.

उटीहून, म्हणजे अंदमानाहून, तू आला अन् पुढच्या रविवारी तू जरा गप्प होता. मी विचारलं, तब्येत बरी नाही काय. तू म्हणाला, दगदग झाली. अन् त्याच्या पुढच्या वेळेपासून तू आणखीनच जोरात. खोल म्हणजे खोल. तीस मीटर म्हणजे तीस मीटर. मले भित्री म्हणणं तू वाढवलं होतं, हे आज माझ्या ध्यानात आलं. मग एकदा, उन्हाळा संपता संपता, तू अचानक मान खाली घातली अन् म्हणाला, "ठीक हाये. तुह्याच मनासारखं. आधी तरंगू. जानेवारीत जाऊ." मले खरं वाटेना. मी जिंकली होती. तुझ्यासारख्या हट्टी माणसाशी मी लहानपणापासून एकही वाद जिंकली नव्हती, अन् हा जिंकली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे नेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, काय झालं, नातवंड झालं काय? मी म्हटलं, भावानं ऐकलं माझं.

सकाळी प्राची म्हणाली, "ताई, मीच त्यांना अट घातली होती. तरंगणं नीट जमल्याशिवाय अन् डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी खोल नेणार नाही."

म्हणजे मी जिंकलीच नव्हती. तिनं तुले जे सांगितलं ते तू मले माझं म्हणून दिलं, अन् मी पेढे वाटले.

काय झालं होतं ते मी तिले सगळं सांगायले लावलं. ती टाळत होती, म्हणाली आता काय उपयोग. मी म्हटलं, बाई, मी त्याची बहीण आहे अन् जानेवारीत मी त्याची जोडीदार म्हणून उतरणार होती, मले माहीत पाहिजे. तेव्हा बोलली. बाकीचे डीलर किनाऱ्यावर होते, तू एकटा गेला तिच्यासंग. वर ठीक होता, गमती करत होता. बावीस-तेवीस मीटरवर तू थांबला. श्वास धरून ठेवला. ती खूण करून राहिली, सोड, सोड, अन् तू तिच्याकडे पाहतच नव्हता. मग एकदम वरच्या दिशेनं पाय मारायले लागला. तिनं तुझं जॅकेट धरलं. तू तिचा हात झिडकारला, तिचा मास्क ओढला. ती पोरगी लहानशी आहे म्हणे, तुझ्या अर्ध्या वजनाची, पण तिनं सोडलं नाही, थांबवत थांबवत वर आणलं. होडीत तू छातीवर हात ठेवून बसला होता. तिनं विचारलं, दुखते काय. तू म्हणाला, धरल्यासारखं झालं. ते भीतीनं होतं, श्वासानं होतं का हृदयाचं होतं, तिले कसं कळावं. म्हणून ती म्हणाली, घरी गेल्याबरोबर दाखवा. तू हो म्हणाला.

अन् तू तिले म्हणाला, "माह्या ताईले नका सांगू."

डॉक्टरची गोष्ट मी तुले स्वतः विचारली होती सुध्या. मी इथं अमरावतीत सगळं करून घेतलं, ईसीजी, रक्त, सगळं, अन् तुले फोन केला, की तूही करून घे, दोघांले लागंल. तू म्हणाला, "माह्यं झालं. एकदम ओके हाये. डॉक्टर म्हने पंपासारखी चालते छाती." मी हसली त्याच्यावर. फोन ठेवून घरात परत एकदा सांगितलं, पाहा काय म्हणते सुध्या.

प्राचीचा फोन झाल्यावर थोड्या वेळानं तुझ्या बायकोले लावला. रेखा कालपासून कुठं जरा जेवायले लागली आहे, तिले विचारू नये हे मले कळत होतं, पण राहवलं नाही. मी म्हटलं, तो डॉक्टरकडे गेला होता काय, उन्हाळ्यात? ती म्हणाली, "नाही बाई. काहून जातीन? त्यायले काय झालं होतं?" अंदमानाले गेल्याचं तिले माहीत होतं. "तुमाले सांगाचं नाही म्हने, तुमाले वाईट वाटंल, तुमच्याबिगर गेले म्हनून." तिले एवढंच सांगितलं होतंस तू. तिलेही पुरं सांगितलं नाही. मग ती मलेच विचारायले लागली, काय झालं, काय झालं, अन् मी तिले सांगितलं नाही. म्हटलं, काही नाही, सहज. आता तुझं खोटं मी सांभाळून राहिली. हेही तूच माझ्या गळ्यात घातलं.

सांगितलं असतं तं मी तुले कान धरून नेलं असतं. तुले माहीत आहे नेलं असतं. दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर. तू लाजला असता, चिडला असता, मले घरी ये म्हणाला नसता. अन् कदाचित तू आज असता. कदाचित नसताही. पण मले ते ‘कदाचित’ मिळालं पाहिजे होतं, ते तू माझ्यापासून काढून घेतलं.

अन् दुसरं. पाण्यात जोडीदार म्हणजे काय ते मालवणले आपण दोघांनीच पाठ केलं होतं. उतरायच्या आधी तुझे पट्टे मी ओढून पाहायचे, माझे तू. माझी हवा संपली तं तुझी घ्यायची. तीस मीटरवर माझ्या बाजूले तू असणार होता अन् तू तिथं काय करतो हे जगात दोघांले माहीत होतं, तुले अन् त्या पोरीले. मले नव्हतं. तू माझा मास्क ओढला असता तं, सुध्या? मास्कात पाणी गेलं की माझं काय होते ते तू पाहिलेलं आहे. तू एकट्यानंच पाहिलेलं आहे. मी तुले माझी भीती उलटीसकट दाखवली होती, अन् तू मले तुझी दाखवली नाही, वरून मलेच भित्री म्हणत राहिला, मूर्तिजापूरच्या हॉटेलात, लोकांसमोर.

फोन ठेवता ठेवता प्राची आणखी एक बोलली. तिले वाटलं मले बरं वाटंल. म्हणाली, "ताई, ते म्हणाले होते, पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येतो, ती बाजूला असली की मला काही होत नाही."

मी फोन ठेवला अन् स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी उभीच. पाठीचा डबा करून नेणार होता तू मले. न सांगता. डब्याले कोणी सांगत नाही की मले पोहता येत नाही म्हणून बांधतो. अन् खरं सांगू काय, मले भरूनही आलं. एवढा मोठा पंपवाला, गावभर कार्ड दाखवणारा, त्याले खाली काय पाहिजे होतं तं ताई. पण हे मले त्या पोरीकडून कळायचं काय? तू समोर बसून कचोरी खात होता रे. एकदा बोलला असता तं तोंड भाजलं नसतं.

दुपारभर मले अंदमानाले जाऊच नये वाटलं. ते सगळं सामान, मास्क, पायातले पंखे, पोत्यात घालून माळ्यावर टाकावं वाटलं. मग वाटलं, काहून? तरंगायचा हट्ट माझा होता. तो खराच होता, तुझ्या खोट्यानं तो खोटा नाही होत. चार वाजता परत फोन लावला.

प्राची म्हणाली, "दोन्ही जागा रद्द करू ना ताई?"

मी म्हटलं, "एक ठेव."

"डुबक्यांचा क्रम?"

"आहे तोच. आधी तरंगायची. मग दिशा. खोल सगळ्यात शेवटी."

"बरं. जोडीदार मी बघते. त्याच आठवड्यात एक बाई येतायत, तुमच्याच वयाच्या."

"कोणीही चालंल," मी म्हटलं. "पण उतरायच्या आधी तिले माझ्यासमोर विचारजो, खाली कधी भ्याली होती काय."

"ताई, असं विचारलं तरी कोणी सांगत नाही हो."

"मग मी आधी माझं सांगीन," मी म्हटलं. "मालवणचं सगळं सांगीन, उलटीसकट. मग तिले विचार."

ती बरं म्हणाली. रडत होती का काय, मले कळलं नाही.

तुले मी काही माफ केलेलं नाही. इतक्यात करणारही नाही. सगळ्यांनी माईकवर तुझं चांगलं सांगितलं आहे, कोणीतरी रागावणारं पाहिजे तुझ्यावर, ते मी आहे. मी जानेवारीत जाणार आहे अन् तीस मीटरवर गेली की तिथंही रागावणार आहे. पण एक सांगते, कारण हे तुले माहीत नव्हतं असं मले आज वाटून राहिलं, अन् माहीत नव्हतं म्हणूनच तू गप्प बसला. तुले वाटलं असंल मी हसीन. किंवा तुले वर ठेवून एकटी खाली जाईन. तू नुसतं एवढं म्हटलं असतं ना सुध्या, की ताई, मी भ्यालो, तं मीही उतरली नसती. बसलो असतो दोघं होडीत, पाण्यात पाय सोडून.